चित्र नेमके कुठे अडकते?

“स्पीड टेस्ट शंभर दाखवते, मग कॉल का तुटतो?” नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न जितक्या वेळा ऐकावा लागतो, तितका क्वचितच दुसरा कुठला. तक्रार खरी असते आणि स्पीड टेस्टही खोटे बोलत नसते. बहुतेक स्पीड टेस्ट जवळच्या एखाद्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, काही सेकंद शक्य तितका डेटा ओढतात आणि त्यावरून वेग सांगतात. त्या काही सेकंदांत मध्येच पाव सेकंद काहीच आले नाही, तरी शेवटच्या आकड्याला त्याचा पत्ता नसतो. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र पाव सेकंदात समोरच्याचा एखादा शब्द गळून पडतो, आणि तो शब्द ‘नाही’ असला तर सगळ्या वाक्याचा अर्थ उलटतो.

शिवाय कॉलला वेग तरी कितीसा लागतो? चांगल्या एचडी चित्राला सेकंदाला तीन-चार मेगाबिट पुरतात. शंभरच्या लाइनवर त्याची कमतरता पडायचे कारण नाही. डेटा वेळेवर आणि सारख्या अंतराने पोहोचतो का, तो कमी पडतो तो कोणत्या क्षणी आणि वाटेतल्या कोणत्या टप्प्यावर, हे कळले की व्हिडिओच्या बहुतेक दुखण्यांचे निदान होते. ते कसे करायचे, हा या प्रकरणाचा विषय.

एक टक्का गेला तर काय बिघडते?

कॅमेऱ्यातून निघालेले चित्र जसेच्या तसे पाठवले जात नाही. सेकंदाला पंचवीस-तीस फ्रेम असतात. त्यातली एखादीच फ्रेम पूर्ण चित्राची असते. तिला की-फ्रेम म्हणतात. तिच्या मागून येणाऱ्या फ्रेममध्ये फक्त बदल असतो: ओठ हलले, हात वर गेला, मागची भिंत तशीच आहे. या युक्तीमुळेच व्हिडिओ इतक्या कमी जागेत मावतो. पण त्यामुळे फ्रेम एकमेकींवर अवलंबून राहतात. की-फ्रेमचा एक तुकडा हरवला, तर पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चित्रावर चौकोनी डाग राहतात किंवा चित्र गोठते.

आता थोडे गणित करू. सेकंदाला ४ मेगाबिटचा व्हिडिओ १,२०० बाइटच्या पॅकेटांत भरला, तर सेकंदाला सुमारे ४१६ पॅकेटे निघतात. त्यातले १ टक्का हरवले म्हणजे सेकंदाला चार पॅकेटे. ऐकायला किरकोळ वाटते. पण की-फ्रेम जड असते. ती शंभर पॅकेटांची धरू. प्रत्येक पॅकेट पोहोचण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर शंभरही पॅकेटे सुखरूप पोहोचण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. दुरुस्तीची काही सोय नसेल, तर तीनपैकी जवळपास दोन की-फ्रेम जखमी होऊन पोहोचतील. वेब पान उघडताना जो १ टक्का कुणाच्या लक्षातही येत नाही, तो व्हिडिओचा कणा मोडतो.

दुरुस्तीची सोय असते, हे खरे. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते, किंवा आधीच थोडी जास्तीची माहिती पाठवून ठेवता येते. कॉलमध्ये चित्र फारच बिघडले, तर पाहणाऱ्याचे यंत्र नवी की-फ्रेम मागते. अडचण इथेच आहे. लाइन आधीच तुंबलेली असते, तिच्यावर ही जड फ्रेम येऊन आदळते, तिचीही पॅकेटे गळतात आणि पुन्हा नवी मागणी जाते. दर काही सेकंदांनी चित्र स्वच्छ होते आणि लगेच फुटते, असे दिसले तर बहुधा हेच चक्र चालू असते.

चार आकडे आणि एक टाकी

व्हिडिओसाठी चार गोष्टी मोजाव्या लागतात: उपलब्ध वेग, हरवलेल्या पॅकेटांचे प्रमाण, विलंब आणि जिटर. जिटर म्हणजे विलंबातला चढउतार. सगळी पॅकेटे ८० मिलीसेकंद उशिरा येत असतील, तर संभाषण सुरळीत चालते. एक २० मध्ये, दुसरे १४० मध्ये, तिसरे ८० मध्ये येऊ लागले, तर सरासरी तितकीच राहूनही आवाज तुटतो.

या आकड्यांना किती महत्त्व द्यायचे, हे व्हिडिओ कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरते. सिनेमा किंवा मालिका पाहताना प्लेअर पुढचे अर्धा-एक मिनिट आधीच आणून ठेवतो. गच्चीवरच्या टाकीसारखे हे काम आहे. बाहेरची धार मध्येच बारीक झाली, तरी टाकीत साठा असेपर्यंत घरातला नळ नीट चालतो. थेट संभाषणात अशी मोठी टाकी बांधायला जागाच नसते, कारण साठवण म्हणजेच उशीर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलीसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही. नेटवर्कचे नियोजन करताना ४०० ची मर्यादा ओलांडू नये, असे ती सांगते. कॅमेरा, संगणक, प्रवास, जिटर सोसण्यासाठी ठेवलेला छोटा बफर आणि पडदा या सगळ्यांनी मिळून तेवढ्या वेळात भागवायचे असते. त्याहून उशीर झाला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, मग पुन्हा दोघेही एकदम सुरू होतात.

मोजण्याची सोय मात्र या तंत्रात जन्मापासून आहे. थेट आवाज आणि चित्र वाहून नेण्यासाठी १९९६ मध्ये आरटीपी नावाचे मानक आले. २००३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात प्रत्येक पॅकेटावर अनुक्रमांक आणि वेळेचा शिक्का असतो. अनुक्रमांकात खंड पडला की हरवलेले पॅकेट कळते. शिक्का आणि प्रत्यक्ष येण्याची वेळ यांच्या तुलनेतून जिटर कळतो. घेणारा हा हिशेब ठरावीक अंतराने पाठवणाऱ्याला कळवतो. कॉलच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगखाली विलंब, जिटर आणि पॅकेट लॉसचे तक्ते दिसतात, ते अशाच हिशेबातून येतात. तक्रार आली की आधी तेच पान उघडावे.

सरासरीचा दगा

कार्यालयात तक्रार आली की नेटवर्क सांभाळणारा लाइनच्या वापराचा आलेख उघडतो आणि म्हणतो, “लाइन तर रिकामी आहे.” आलेख सहसा पाच मिनिटांच्या सरासरीचा असतो. ही पद्धत १९९५ मध्ये तोबियास ओटिकर यांनी लिहिलेल्या एमआरटीजी या साधनाने घरोघरी पोहोचवली, आणि लाइन कधी वाढवावी हे ठरवायला ती आजही उत्तम आहे. व्हिडिओच्या निदानाला मात्र ती अपुरी पडते.

समजा, लाइन दर अर्ध्या मिनिटात तीन सेकंद काठोकाठ भरते आणि उरलेले सत्तावीस सेकंद २० टक्केच वापरात असते. सरासरी निघते २८ टक्के. आलेखावर शांत, सपाट रेघ दिसते. त्या पाच मिनिटांत लाइन दहा वेळा तुंबलेली असते, आणि कॉलवरच्या माणसाने दहा वेळा “हॅलो, ऐकू येतंय का?” असे विचारलेले असते.

जिटरच्या आकड्याचेही तसेच आहे. आरटीपीच्या सूत्रात प्रत्येक नव्या फरकाचा सोळावा हिस्साच धरला जातो, म्हणजे आकडा उगाच नाचत नाही. पण दोन पॅकेटांच्या अंतरात एकदाच २०० मिलीसेकंदांचा फरक पडला, तर शून्यावरचा जिटर साडेबारावरच जातो. म्हणून सरासरीच्या शेजारी सर्वाधिक किती, हा आकडा हवाच, आणि तोही सेकंदासेकंदाचा. सेकंदाला पाच पिंग पाठवून तासभराची नोंद ठेवली, तर पाच मिनिटांच्या आलेखाने लपवलेले बरेच काही उघडे पडते. त्या नोंदीत सरासरी पाहू नका. सगळ्यात वाईट सेकंद शोधा आणि तो तक्रारीच्या वेळेशी जुळतो का, ते तपासा.

फुगलेली रांग

सर्वाधिक आढळणारा दोष घरातल्या राउटरमध्येच लपलेला असतो. त्यामागे जुनी गोष्ट आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांना जोडणाऱ्या काहीशे यार्डांच्या मार्गावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. गर्दी झाली की पॅकेटे हरवत, ती पुन्हा पाठवली जात आणि गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी यावर जो उपाय दिला, त्याच्या पायावर इंटरनेट आजही उभे आहे: पॅकेट हरवणे ही गर्दीची सूचना समजायची आणि पाठवण्याचा वेग कमी करायचा.

पुढे मेमरी स्वस्त झाली. एकही पॅकेट हरवू नये म्हणून उपकरणे बनवणाऱ्यांनी राउटर आणि मोडेममध्ये मोठमोठे बफर घातले. हेतू चांगला होता, पण सूचनाच दडपली गेली. पॅकेट हरवत नाही म्हणून पाठवणारा थांबत नाही, आणि रांग वाढतच जाते. अपलोड १० मेगाबिटचा आणि रांग १ मेगाबाइटची असेल, तर रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या पॅकेटाला ०.८ सेकंद थांबावे लागते. जी.११४ ने सांगितलेल्या १५० मिलीसेकंदांचे तिथेच पाचपट वाटोळे झाले. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी घरच्या जोडणीत हा प्रकार पकडला आणि ‘बफरब्लोट’ या नावाने तो जगापुढे मांडला.

हा दोष ओळखायला विशेष साधन लागत नाही. संगणक तारेने राउटरला जोडा. बाहेरच्या एखाद्या पत्त्याला सतत पिंग लावा. लाइन शांत असताना १५-२० मिलीसेकंद दिसतील. आता एखादी मोठी फाइल अपलोडला लावा. आकडा वीसवरून तीस झाला, तर चिंता नाही. तो ४००, ६००, ८०० असा चढत गेला आणि अपलोड थांबताच पुन्हा वीसवर आला, तर चोर सापडला. घरातल्या कुणाच्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की कॉल तुटतो, त्याचे कारण हेच.

उपायही उपलब्ध आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी पाहत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, ते पाहते. तो वेळ सतत जास्त राहिला, तर मोजकी पॅकेटे मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला सूचना देते. तिचीच पुढची आवृत्ती, एफक्यू-कोडेल, प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, म्हणजे फोटोंच्या मागे आवाज अडकत नाही. राउटरमध्ये ही सोय असेल, तर ती सुरू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९०-९५ टक्क्यांवर बांधावी. रांग मग मोडेममध्ये साचण्याऐवजी आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये राहते. कार्यालयांत पॅकेटांवर प्राधान्याचे शिक्के मारण्याची पद्धतही आहे, आणि आपल्या आवारात ती चांगली चालते. सार्वजनिक इंटरनेटवर मात्र ते शिक्के सहसा पाळले जात नाहीत. तिथे त्यांच्यावर विसंबू नये.

वाटेचे तुकडे करा

दोष शोधताना पहिला प्रश्न दिशेचा असावा. मला समोरचे चित्र स्वच्छ दिसते आणि त्यांना माझे तुटके दिसते, तर गडबड माझ्या अपलोडमध्ये किंवा त्यांच्या डाउनलोडमध्ये आहे. कॉलमधल्या सगळ्यांनाच माझे तुटके दिसत असेल, तर ती माझ्याकडेच. फक्त एकालाच दिसत असेल, तर त्याच्याकडे. या दोन प्रश्नांनी अर्धी वाट बाद होते, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

दुसरी पायरी घरातली. राउटरला पिंग करा. तारेने जोडलेले असताना १ मिलीसेकंदाच्या आसपास आणि वायफायवर ५ ते १०० मध्ये नाचणारा आकडा दिसला, तर बाहेरच्या कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीतल्या वीस घरांचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसतात. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झवर जाणे किंवा सरळ तार टाकणे हाच खरा इलाज. व्हिडिओसाठी सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगला असावा, असा कामाचा नियम आहे. उणे ८० ला पान उघडेल, कॉल टिकणार नाही.

कार्यालयांत एक जुना दोष अजून भेटतो. स्विचचे पोर्ट कुणीतरी १०० फुल डुप्लेक्सवर पक्के केलेले असते आणि समोरचे यंत्र आपोआप जुळवून घेण्यावर असते. समोरून उत्तर न मिळाल्याने ते हाफ डुप्लेक्सवर जाते. पिंग नीट चालतो, थोडे काम नीट चालते. भार वाढला की पॅकेटे गळू लागतात. पुरावा पोर्टच्या मोजणीत असतो: एका टोकाला लेट कोलिजन, दुसऱ्या टोकाला सीआरसी चुका वाढताना दिसतात. दोन्ही टोके आपोआप जुळणीवर ठेवली की दुखणे संपते.

तिसरी पायरी बाहेरच्या वाटेची. ट्रेसराउट आणि एमटीआर ही साधने वाटेतले एकेक राउटर आणि तिथपर्यंतचा वेळ दाखवतात. ती वाचताना अनेकांची फसगत होते. मधल्या एखाद्या राउटरसमोर ४० टक्के लॉस दिसतो आणि लगेच बोट तिकडे जाते. पण राउटर आपल्या चौकशीला उत्तर देणे हे दुय्यम काम समजतात आणि त्यावर मर्यादा घालतात. त्याच्या पुढच्या टप्प्यांवर लॉस शून्य असेल, तर तो राउटर निर्दोष आहे. एखाद्या टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकणारा लॉसच खरा.

विलंब वाचताना भूगोल मदतीला घ्यावा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलीसेकंद. मुंबई ते पुणे फायबरची वाट २०० किलोमीटर धरली, तर प्रकाशाला जाऊन-येऊन २ मिलीसेकंद लागतात. या दोन शहरांत दिवसभर ६० मिलीसेकंद दिसत असतील, तर पॅकेटे बहुधा तिसऱ्याच दूरच्या शहराला वळसा घालून येत आहेत. दिवसा ८ आणि रात्री नऊ वाजता ६० दिसत असतील, तर कुठेतरी रांग लागते आहे. पहिल्या दुखण्याला मार्ग बदलावा लागतो, दुसऱ्याला क्षमता वाढवावी लागते.

आणि एकदम पायरी चढावी तसा आकडा वाढून तिथेच स्थिरावला, तर मार्ग बदललेला असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांची वाहतूक लांबच्या मार्गांनी वळवावी लागली. अशा वेळी युरोपशी चाललेल्या कॉलचे आकडे घरचा राउटर बदलून सुधारत नाहीत.

कोट्यवधी पडद्यांची बाजू

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडे स्टेडियमवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना चालू असताना डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी ५.३ कोटी प्रेक्षक होते. चार दिवसांनी अंतिम सामन्याला ५.९ कोटी. इतक्यांना एका जागेवरून चित्र पुरवणे अशक्य. म्हणून व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार करून शहरोशहरीच्या सर्व्हरवर ठेवला जातो, आणि प्रेक्षकाचा प्लेअर आपल्या लाइनला झेपेल तो दर्जा उचलतो. ॲपलची एचएलएस ही पद्धत २००९ ची, डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ चे.

इथे मोजायच्या गोष्टी बदलतात: चित्र सुरू व्हायला किती वेळ लागला, पाहण्याच्या वेळेपैकी किती वेळ चक्र फिरत राहिले, दर्जा किती वेळा घसरला. यूट्यूबवर ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की बफरमध्ये किती सेकंद शिल्लक आहेत आणि किती फ्रेम गळल्या, ते दिसते. बफर भरलेला असून फ्रेम गळत असतील, तर नेटवर्क निर्दोष आहे. फोन किंवा संगणकच चित्र उलगडताना दमतो आहे. बफर उतरत शून्यावर येत असेल, तर मात्र वाट तपासावी. वेग भरपूर असून दर्जा सतत खालीच राहत असेल, तर प्लेअरला जवळचा सर्व्हर सोडून दूरचा मिळाला आहे का, तेही पाहावे. चुकीच्या डीएनएस सेटिंगमुळे असे होऊ शकते.

चांगल्या दिवसाची नोंद

बिघाडाच्या दिवशी सुरू केलेले मोजमाप अर्धवटच राहते, कारण तुलना कशाशी करायची, हेच ठाऊक नसते. सगळे सुरळीत असताना राउटरपर्यंतचा, कंपनीच्या पहिल्या टप्प्यापर्यंतचा आणि दूरच्या सर्व्हरपर्यंतचा विलंब सकाळी, दुपारी आणि रात्री मोजून लिहून ठेवावा. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा मोजावे. राउटर, केबल आणि प्लॅन एकाच दिवशी बदलले, तर आज सुटलेले दुखणे महिन्याने परत आले की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तक्रारही आकड्यांत करावी. “नेट स्लो आहे” या वाक्यावर कंपनीचा माणूस राउटर बंद करून चालू करायला सांगणार, त्याच्या हातात दुसरे काही नसते. “तारेने जोडलेले आहे, राउटरपर्यंत १ मिलीसेकंद, तुमच्या पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत रात्री ८ ते ११ या वेळेत ३ टक्के लॉस, सकाळी शून्य” ही तक्रार थेट योग्य माणसापर्यंत पोहोचते.

एवढा खटाटोप करमणुकीपुरता असता, तर गोष्ट वेगळी होती. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा रुग्णांना घरून थेट डॉक्टरांशी बोलता येईल अशी खुली झाली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. श्वास लागलेला रुग्ण आपली लक्षणे दोनदा-तीनदा सांगू शकत नाही. साक्षीदाराच्या गळलेल्या एका शब्दाचा परिणाम निकालापर्यंत जाऊ शकतो. म्हणून आरोग्य केंद्र असो, शाळा असो वा तालुक्याचे न्यायालय, तिथल्या जोडणीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने किती मेगाबिटची लाइन घेतली, यावर समाधान मानू नये. भर गर्दीच्या वेळी, अपलोड चालू असताना, सगळ्यात वाईट सेकंदाला विलंब किती होतो, हा आकडा त्याच्याकडे लिहिलेला हवा. तो कमी करण्याचे बहुतेक उपाय मोठा प्लॅन घेण्यापेक्षा स्वस्त आहेत.